सोन्याची लेखणी आणि तीन कुलपांची पेटी

दास्यविमोचनाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी अगदी साधा वाटतो. कायद्याची तारीख ठाऊक असते, त्यावर सही करणाराचे नाव ठाऊक असते; त्या दिवशी तसबिरीला हार घालावा, दोन भाषणे करावीत, मुलांना खाऊ वाटावा, की उत्सव पुरा झाला. परंतु थोडे थांबून विचार केला, तर ध्यानात येते की या एकाच दिवसाच्या दोन आठवणी असतात. एक, ज्याने बेडी काढली असे म्हणतात त्याची. दुसरी, ज्याच्या पायात ती बेडी होती त्याची. पहिल्या आठवणीला शाळेच्या पुस्तकांत, रस्त्यांच्या नावांत आणि सरकारी दालनांत विनासायास जागा मिळते. दुसरीला आपली जागा स्वतः बांधावी लागते. ती कशी बांधली गेली, आणि साहित्याने तिच्याशी इमान राखले की नाही, हे ब्राझील देशाच्या उदाहरणावरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

ब्राझीलच का, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या घराजवळच आहे. ज्या पोर्तुगीज राजवटीखाली गोवा १९६१ पर्यंत होता, त्याच राजवटीखाली ब्राझील १८२२ पर्यंत होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पकडलेली माणसे त्या झेंड्याखालच्या जहाजांतून पश्चिमेस साल्वादोर व रिओ या बंदरांत उतरत, तशीच, संख्येने पुष्कळ कमी, मोझांबिकहून पूर्वेस गोव्यातही उतरत. ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलेल्यांची संख्या संशोधकांनी सुमारे ४८ लाख धरली आहे. गोव्याविषयी म्हणाल, तर १५८३ ते १५८८ या काळात येथील आर्चबिशपच्या पदरी असलेला लिन्सखोटेन हा डच गृहस्थ जुन्या गोव्यातील सरळ रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या बाजाराचे वर्णन करून गेला आहे. त्या बाजारात घोड्यांच्या आणि इतर मालाच्या बरोबरीने माणसेही विकावयास उभी केलेली असत. तेव्हा ब्राझीलची कथा ही आमच्या दृष्टीने परक्याची कथा नव्हे. ती एकाच वाड्याच्या दुसऱ्या खणातली गोष्ट होय.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी नाहीशी करणारा कायदा १३ मे १८८८ रोजी झाला. अमेरिका खंडात हे पाऊल उचलणारा तो सर्वांत शेवटचा देश. बादशहा दुसरे पेद्रु त्या वेळी परदेशी होते, म्हणून त्यांच्या वतीने राज्य पाहणाऱ्या राजकन्या इझाबेल यांनी त्यावर सही केली. कायद्याला नाव पडले 'सुवर्ण कायदा', आणि सहीची लेखणीही सोन्याचीच होती. कलमे अवघी दोन. आजपासून गुलामगिरी संपली, हे पहिले; याविरुद्ध असलेले सर्व नियम रद्द, हे दुसरे. तिसरे कलम नाही. सुमारे ७ लाख माणसे त्या दिवशी कायद्याने मोकळी झाली. पण त्यांनी राहावे कोठे, पेरावे कोणत्या जमिनीत, त्यांच्या मुलांना शिकवावे कोणी, याविषयी त्या कागदात अवाक्षर नाही. सोन्याच्या लेखणीने लिहिलेला मजकूर असा आखूड निघाला.

हे वैगुण्य आज आम्ही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर दाखवीत आहोत, यात शहाणपण ते काय? परंतु ब्राझीलच्या एका लेखकाने ते पहिल्याच आठवड्यात ओळखले होते. माशादु द आसीस हे त्या देशाच्या गद्याचे शिरोमणी. त्यांचे वडिलांकडील आजा-आजी गुलामगिरीतून सुटलेले होते. १९ मे १८८८ रोजी, म्हणजे कायद्यानंतर सहाव्या दिवशी, रिओच्या एका दैनिकात त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. त्यातला निवेदक एक प्रतिष्ठित गृहस्थ आहे. कायदा होणार याची चाहूल लागताच तो घरी मेजवानी घालतो आणि पानक्रासियु नावाच्या आपल्या तरुण गुलामाला मित्रांच्या देखत मोकळे करतो. टाळ्या पडतात, एक मित्र गहिवरून उठतो. मग गृहस्थ त्या मुलाला विचारतो, की बाबा, तू आता मोकळा आहेस, पण घर तर ओळखीचे आहे. थोड्या पगारावर राहतोस का? मुलगा राहतो. दुसऱ्याच दिवशी जोडे नीट पुसले नाहीत म्हणून त्याला चपराक बसते. पुढे लाथा आणि कानपिळ्याही चालू राहतात. गृहस्थ मात्र आता निवडणुकीस उभा राहण्याच्या विचारात आहे.

हे टिपण वर्तमानपत्राच्या एका सदरातले असले, तरी त्याची योग्यता मोठ्या कादंबरीहून कमी आहे असे आम्हांस वाटत नाही. लेखक कोठेही रागावत नाही, कोणाला दोष देत नाही. तो दात्यालाच बोलू देतो, आणि दात्याच्याच तोंडून दानाचे पितळ उघडे पडते. स्वातंत्र्य 'देणारा' माणूस ते देताना स्वतःच्या पुण्याचा हिशेब मांडीत असेल, तर त्या स्वातंत्र्याला दुसऱ्या दिवशीच चपराक बसते, एवढेच माशादु सांगतात. परंतु या लेखनाला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. पानक्रासियु त्यात जवळजवळ मुकाच आहे. जेवणावळ संपल्यावर त्याने कोणाकडे जाऊन मन मोकळे केले, त्याचे कोणी भाऊबंद होते की नाही, हे वाचकाला कळत नाही. उपरोधाचे शस्त्र धन्याच्या अंगावर अचूक चालते. पण गुलामाच्या घरात शिरण्याचा दरवाजा त्याला सापडत नाही.

तो दरवाजा लोककथेला सापडला काय, हे आता पाहू. मिनास जेराइस हा ब्राझीलचा सोन्याच्या खाणींचा प्रांत. अठराव्या शतकात तेथील व्हिला रिका या नगराची, म्हणजे आजच्या ओरु प्रेतुची, भरभराट त्याच सोन्यावर झाली. त्या नगरात 'शिको रेइ' म्हणजे शिको राजा याची कथा सांगतात. आफ्रिकेतला एक राजा आपल्या कुटुंबासह व प्रजेसह पकडला जातो. राणी व राजकन्या समुद्रात मरतात. राजा आणि त्याचा मुलगा तेवढे व्हिला रिकाच्या खाणीत पोहोचतात. सुटीच्या वेळात राबून राजा प्रथम मुलाची किंमत भरतो, मग स्वतःची, आणि मग एकामागून एक आपल्या माणसांची. शेवटी एक खाण विकत घेऊन तो बंधुमंडळ स्थापतो आणि संत एफिजेनिया या आफ्रिकी राजकन्या-संतेचे देऊळ उभारतो. उत्सवाच्या दिवशी स्त्रिया केसांत सोन्याची भुकटी माळून येत आणि देवळाच्या पाण्यात केस धूत. तळाशी साचलेल्या सोन्याने आणखी माणसे सोडविली जात.

कथा सुंदर आहे, यात संशय नाही. परंतु तिचा लेखी उगम पाहू गेले तर तो १९०४ सालच्या एका इतिहासग्रंथातील तळटीपेत आहे. दियोगु द व्हास्कोन्सेलुश यांनी ती टीप लिहिली, आणि पुढच्या ऐंशी वर्षांत त्या टीपेचा वटवृक्ष झाला. १९५३ साली सेसीलिया मेइरेलिश यांनी आपल्या 'रोमान्सेइरु दा इन्कोन्फिदेन्सिया' या काव्यात तिला स्थान दिले; १९६४ साली रिओच्या साल्गेइरु या सांबा मंडळाने कार्निव्हालच्या मिरवणुकीसाठी तोच विषय घेतला; १९८५ साली वॉल्टर लिमा ज्युनियर यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

यांपैकी मेइरेलिश बाईंचे काव्य आम्ही विशेष विचारात घेतो. या बाईंचे नाते भारताशीही जडले होते. त्याच १९५३ साली त्या या देशात आल्या, आणि येथे सुचलेल्या कवितांचा वेगळा संग्रह त्यांनी पुढे प्रसिद्ध केला. 'रोमान्सेइरु'त शिको राजाचे प्रकरण आहे, त्यात राजा आपल्या माणसांना उद्देशून बोलतो. खाणीत उतरणे भाग आहे, कारण पोर्तुगालच्या राजाची सोन्याची भूक भागत नाही. आणि कोठेतरी समुद्रकिनाऱ्यावर वाघाची डरकाळी चालू आहे. भय आणि ताल यांची ही सांगड वाचकाच्या मनात बराच वेळ घुमत राहते. परंतु आमच्या मते खरे मर्म त्याच्या पुढील प्रकरणात आहे. तेथे संत एफिजेनिया वेदीवरून उतरून स्वतः खाणीकडे येते. दगडांतून, पाण्यातून, गुलामांच्या घोळक्यात ती कोणाला न दिसता राबते.

आमच्या वाचकांना हे चित्र पाहताच कोणाची आठवण होईल, ते सांगावयास नको. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठोबा, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला रसद भरणारा विठोबा, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाण्याची कावड वाहणारा देव, हे आमचे घरचेच आहेत. देवाने कष्टकऱ्याच्या बाजूला येऊन बसावे, ही मागणी पैठणची काय आणि ओरु प्रेतुची काय, एकाच दुःखातून उठलेली आहे. परंतु येथेच टीकाकाराने सावध व्हावे. विठोबाने जनीचे दळण दळले, पण जनी 'नामयाची दासी'च राहिली. देव कामात वाटेकरी झाला, दास्यातून सोडविण्याचा प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहिला. आमच्या कथा ऐकून डोळे भरून येतात, आणि डोळे भरून आले की पुष्कळदा हिशेब विचारण्याचे राहून जाते. मेइरेलिश बाईंच्या संतेचे वेगळेपण हे, की तिच्या कष्टाची परिणती केसांतल्या सोन्यात, आणि त्या सोन्याची परिणती सुटकेच्या कागदात होते. भक्ती येथे सांत्वनापाशी थांबत नाही. ती किंमत मोजून माणूस सोडविते. या एका वळणासाठी ते काव्य आम्हांस मोलाचे वाटते.

मग दोष कोठे? दोष आहे तो 'राजा'त. गुलामांचा उद्धार करणारा जन्माने राजाच असला पाहिजे, हा हट्ट कथेने धरला आहे. आणि त्यानंतरच्या काव्याने, मिरवणुकीने व चित्रपटानेही तो सोडलेला नाही. तिकडे सुवर्ण कायद्याची राजकन्या, इकडे खाणीतला राजा. दोन्हीकडे सामान्य माणूस हात जोडून उभा. वस्तुतः बंधुमंडळांचा खरा इतिहास याहून साधा आणि याहून थोर आहे. 'रोझारियु'च्या म्हणजे जपमाळेच्या मातेच्या नावाने चालणारी कृष्णवर्णीयांची ही मंडळे ब्राझीलभर होती. त्यांना 'इर्मांदाद' म्हणत. गोव्यातील आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या 'कोंफ्रारी' ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांची घडण चटकन कळेल. या मंडळांत दर वर्षी राजा आणि राणी निवडीत. कालपर्यंत हमाली करणारा माणूस यंदा राजा होई. मुकुट घालणे हा त्याचा मान, आणि उत्सवाचा भार उचलणे हे त्याचे काम. मिनास प्रांतात ही रीत 'कोंगादु' या नावाने आजही टिकून आहे. ढोल वाजवीत मिरवणुका निघतात, राजा-राणीवर छत्र धरले जाते, आणि आल्यागेल्यास जेवू घातले जाते. म्हणजे जे पद सेवेसाठी निवडून द्यावयाचे होते, त्याला दंतकथेने जन्माचे राजेपण चिकटविले. आमच्या मते हा तपशिलाचा दोष नाही, तो दृष्टीचा दोष आहे. एका राजाने चारशे माणसे सोडविली असे सांगणे सोपे. चारशे माणसांनी आठवड्याच्या वर्गणीतून एकमेकांना सोडविले, हे काव्यात आणणे कठीण. कवीने कठीण तेच पत्करावयास हवे होते.

ते कठीण काम प्रत्यक्षात करणाऱ्यांची नावनिशी मात्र उपलब्ध आहे. साल्वादोर नगरात रोझारियुचे कृष्णवर्णीयांचे बंधुमंडळ १६८५ साली स्थापन झाले. पुढे १७०४ च्या सुमारास त्यांनी पेलोरीन्यु या भागात आपले देऊळ बांधावयास घेतले. पेलोरीन्यु म्हणजे गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब. त्या खांबावरून ज्या वस्तीला नाव पडले, तेथेच हे देऊळ उभे राहिले. दिवसभर दुसऱ्याचे काम करून उरलेल्या वेळात हे लोक भिंती चढवीत; पूर्ण होण्यास जवळजवळ शतक लागले. देवळाच्या मागे त्यांची स्वतःची दफनभूमी आहे. मेल्यावर आपल्या देहाला हक्काची साडेतीन हात जागा आणि मागे कोणीतरी म्हटलेली प्रार्थना मिळावी, एवढ्यासाठी जिवंतपणी वर्गणी भरणाऱ्या माणसांनी ते देऊळ बांधले आहे, हे लक्षात ठेवले, म्हणजे त्याची निळी दर्शनी भिंत निराळी दिसू लागते.

याच मंडळींतून १८३२ सालच्या सप्टेंबरात आणखी एक संस्था निघाली. मानुएल व्हिक्तोर सेर्रा नावाचा आफ्रिकेत जन्मलेला, रस्त्यावर ओझी वाहून पोट भरणारा एक माणूस. त्याने काही सोबती जमवून निराधारांचे रक्षण करणारे बंधुमंडळ काढले. १८५१ साली त्याचे 'सोसिएदाद प्रोतेतोरा दुश देश्व्हालिदुश' असे नामांतर झाले, आणि ही निराधार-संरक्षक संस्था आजही साल्वादोरमध्ये आहे. कामे चारच. सभासद आजारी पडला तर मदत, मेला तर अंत्यविधी, त्याच्या विधवेला व मुलांना आधार, आणि दास्यात असलेल्याला आपली किंमत भरण्यासाठी पैसा. वर्गणीची पेटी तीन कुलपांची होती आणि तीन किल्ल्या तिघांजवळ असत. तिघे जमल्यावाचून पेटी उघडत नसे. देवस्थानची दानपेटी चारचौघांसमक्ष उघडण्याची रीत पाळणाऱ्या आमच्या वाचकांना या तीन किल्ल्यांतला विश्वास आणि अविश्वास दोन्ही समजतील. भाऊ म्हटला तरी हिशेब चोख हवा. किंबहुना हिशेब चोख असेल तरच भाऊपण टिकते.

सुवर्ण कायद्याच्या स्मरणापेक्षा या पेटीचे स्मरण आम्हांस मोठे वाटते, ते याच कारणाने. कायद्याच्या छप्पन्न वर्षे आधी, दोन कलमांत जे नव्हते ते सारे, म्हणजे औषध, अन्न, मूठमाती, पोरांचा सांभाळ, या लोकांनी आपल्या वहीत लिहून ठेवले होते. आणि वहीचा विषय निघाला म्हणून सांगतो. १८९० सालच्या डिसेंबरात अर्थमंत्री रुइ बार्बोझा यांनी सरकारदप्तरांतील गुलामांच्या नोंदी जाळण्याचा हुकूम काढला. जुन्या धन्यांनी नुकसानभरपाई मागू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु नोंदी जळतात तेव्हा धन्याच्या दाव्याबरोबर गुलामाचे नावही जळते. सरकारची वही जळाली. भावांची वही राहिली. गुलामांच्या वंशजांना आपला आजा-पणजा आज सापडतो, तो पुष्कळदा असल्या मंडळांच्या कागदांत.

आम्ही या मंडळांचे अभंग गाण्यास बसलो आहोत असे कोणी समजू नये. त्यांच्यातही दोष होते. पुष्कळ मंडळांच्या घटनेत खजिनदार व लेखनिक गोरा असावा अशी अट होती. म्हणजे किल्ली पूर्णपणे आपल्या हाती नव्हती. अंगोलाचे, जेजे, नागो असे जातिभेद मंडळामंडळांत होते; एकाच्या पंगतीला दुसरा बसेलच असे नव्हते. दास्यातून सुटलेल्यांपैकी काहींनी स्वतः गुलाम बाळगल्याचे दाखले आहेत. कारभारी मंडळांत बहुधा पुरुषच असत. ही उणीव स्त्रियांनीच भरून काढली. काशोएइरा या गावी 'बोआ मोर्ति' म्हणजे शुभमरण मातेच्या नावाने आफ्रिकी वंशाच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे भगिनीमंडळ एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. दर वर्षी ऑगस्टच्या मध्यास त्या झोळी घेऊन दान मागतात, दिवंगत भगिनींसाठी प्रार्थना करतात, पांढरी वस्त्रे नेसून मिरवतात आणि गावाला जेवू घालतात. ज्यांच्या आज्या दुसऱ्याच्या चुलीपाशी राबल्या, त्या आज आपल्या चुलीवरचे अन्न गावाला वाढतात. स्मरणाचा याहून बोलका प्रकार आमच्या पाहण्यात नाही.

तेरा मे या तारखेचेही असेच. सान्तु आमारु या गावी कायद्याच्या पहिल्या वाढदिवशी, १३ मे १८८९ रोजी, जुवांव द ओबा नावाच्या आफ्रिकी पंथाच्या एका पुजाऱ्याने आपल्या लोकांना घेऊन भर रस्त्यात ढोल वाजविला. तो उत्सव 'बेंबे' या नावाने गावच्या बाजारात आजही भरतो, आणि २०१९ साली सरकारने त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. त्या उत्सवात राजकन्येच्या तसबिरीला प्रमुख स्थान नाही. समुद्रमातेला द्यावयाची ओटी आहे, पूर्वजांचे आवाहन आहे. तारीख कायद्याची ठेवली, परंतु देव, अन्न आणि ताल आपले ठेवले. ज्यांना तेरा मे ही तारीखच दयेच्या भिकेसारखी वाटली, त्यांनी २० नोव्हेंबर धरला. १६९५ साली त्या दिवशी पाल्मारिश येथील पळालेल्या गुलामांच्या राज्याचा नायक झुंबी मारला गेला. २०२४ पासून तो दिवस ब्राझीलभर सार्वजनिक सुटीचा झाला आहे. दोन्ही दिवस पाळणाऱ्यांत वाद आहे, आणि तो असावा. पण काशोएइराची पंगत आणि सान्तु आमारुचा ढोल या वादाच्या पलीकडचे उत्तर देतात: ज्याचे दास्य संपले, त्यानेच यजमान व्हावे.

आता आमच्या गोव्याकडे वळू. पोर्तुगीज सरकारने २५ फेब्रुवारी १८६९ च्या हुकुमाने आपल्या साऱ्या मुलखांतील गुलामगिरी रद्द केली; मात्र सुटलेल्यांनी १८७८ पर्यंत जुन्या धन्यांची चाकरी करावी अशी मेख मारून ठेवली. हा दिवस गोव्यात कोणी पाळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ज्यांनी पाळावयाचा ती माणसे कोठे गेली? कोंकणीत आफ्रिकी माणसाला 'खाप्री' म्हणत आले. आणि गोव्यात काही ठिकाणी 'खाप्री' याच नावाच्या राखणदाराला तेलवात होते, नवस बोलले जातात. शब्द दोन्हीकडे एकच आहे. ज्याला बाजारात उभे केले त्याचेच नाव धारण करणाऱ्या देवापाशी आम्ही रक्षणाची याचना करतो, पण त्या नावामागच्या माणसाची एक ओळही आमच्या वहीत नाही. हे आमचे रुइ बार्बोझा. फरक एवढाच, की आम्हांला जाळण्याचीही गरज पडली नाही. आम्ही लिहिलेच नव्हते.

आणि दास्य केवळ समुद्रापलीकडून आले होते असे म्हणून सुटका नाही. आमच्याच देवळांच्या आवारात भाविणी, देवळी, कलावंत या घरांतील माणसे जन्माने सेवेला जुंपली गेली. त्यांना खाणीच्या गुलामांच्या ओळीत बसविणे आम्ही योग्य समजत नाही. दोहोंचे स्वरूप वेगळे होते. परंतु जन्म झाला म्हणून सेवा चुकत नाही, आणि सेवेला 'देवाची' म्हटले म्हणून ती नाकारता येत नाही, हा सुतळीचा पीळ दोहोंत सारखाच आहे. तो कोणा राजकन्येने उलगडला नाही. पोर्तुगीज अमदानीतच त्या घरांतील लोकांनी एकत्र येऊन गोमंतक मराठा समाज उभा केला, मुलामुलींच्या शिक्षणाची सोय केली, आपल्याच घरांत जुन्या प्रथेविरुद्ध वाद घातला. त्या चळवळीतील राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राचे नाव 'मी कोण?' असे आहे. हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. वेदान्तात हा प्रश्न मोक्षार्थी विचारतो. येथे तो ज्याच्या नावापुढे बापाचे नाव लावण्यावरून समाजाने भुवई उंचावली, तो विचारतो. त्या पुस्तकाकडे आमच्या साहित्यपरीक्षकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, हे या निमित्ताने कबूल केलेले बरे.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. दास्य संपल्याचे स्मरण कसे करावे? ब्राझीलच्या साहित्याची व संस्थांची परीक्षा करून आमचे मत असे झाले आहे, की सोन्याच्या लेखणीचा उत्सव करणाऱ्याला शेवटी माशादुचा गृहस्थ भेटतो, आणि तीन कुलपांच्या पेटीचा उत्सव करणाऱ्याला भाऊ भेटतो. काव्याने राजाच्या मागे न जाता पेटीपाशी बसावे. आणि देवस्थानांनी? पालखीपुढे दिवट्या धरणारे, सनई-चौघडा वाजविणारे, सभामंडप झाडणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणाचे होते, त्यांची नावे विचारून वहीत लिहावीत. ती माणसे हयात असतील तर त्यांच्या आजारपणाची व त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची तरतूद दयेखातर नव्हे, ऋण म्हणून त्याच वहीत मांडावी. आणि पेटीची एक किल्ली त्यांच्या हाती द्यावी. महाप्रसादाच्या दिवशी त्यांनी वाढावे आणि महाजनांनी पानावर बसावे. पहिल्या वर्षी वाढणाऱ्याचा हात थोडा कापेल, बसणाराही थोडा अवघडेल. वाढून झाल्यावर त्यांनाही शेजारी पान मांडावे. त्या पंगतीला आम्ही अवश्य येऊ.